पाठ घासायचं यंत्र, सुट्या भागांसह

यंत्र जिंकलं आणि माझी आई हरली. निकालाचं पत्र मंगळवारी आलं. त्यावर लाल शिक्का होता आणि सरकारी शिक्का असूनही तो सरळ बसला होता.

आमच्या घरात मात्र असं कुठलंही पत्र आलेलं नाही. आईने ते कपाटात मोठ्या पातेल्याखाली ठेवलंय, आणि पातेलं उचलायला लागू नये म्हणून महिनाभर आम्ही रस्सा लहान पातेल्यात करतोय. तेव्हा निकाल लागलेलाच नाही असं धरून सुरुवात करते.

माझी आई बुसानच्या यंगदो बेटावर, सुजोंग न्हाणीघरात, बायकांच्या विभागात अंग घासून देते. एकतीस वर्षं झाली. बाई गरम हौदात अर्धा तास भिजते, मग रेक्झिनच्या टेबलावर पालथी पडते. आई हिरवा खरखरीत हातमोजा चढवून मानेपासून टाचेपर्यंत मळ काढते. एक बाजू झाली की दोन टाळ्या वाजवते, बाई कूस बदलते. पुन्हा दोन टाळ्या, पुन्हा कूस. चार कुशींत माणूस संपतो. गणवेश म्हणजे काळी अंतर्वस्त्रं. हा कुणी ठरवला ठाऊक नाही, पण प्रत्येक न्हाणीघरात तोच. सरकारी नोकरीतसुद्धा इतकी एकवाक्यता नसते. सरकारी नोकरीबद्दल मी अधिकाराने बोलू शकते, कारण तिच्या परीक्षेत मी चार वेळा नापास झालेय. सध्या मी काउंटरवर बसून टॉवेल देते. बायकांना मोजून दोन, पुरुषांना हवे तेवढे, कारण पुरुष टॉवेल घरी नेत नाहीत.

आईचं नाव प्यो बोंगइम. हे लिहून ठेवलेलं बरं, कारण न्हाणीघरात ते कुणालाच माहीत नाही. तिथे ती मावशी. वीस वर्षांची पोरगी आली तरी मावशी आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी आली तरी मावशी. कपडे काढल्यावर नावं सांगत बसायला बरंही दिसत नाही.

यंत्र आईच्या टेबलापासून चार पावलांवर भिंतीत बसवलेलं आहे. परातीएवढी गोल चकती, तिच्यावर तोच हिरवा कपडा ताणून बसवलेला, बाजूला लाल बटण. प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं, बटण दाबायचं आणि पाठ टेकवायची. चकती फिरते, आपण वरखाली व्हायचं. कुत्रं भिंतीला पाठ खाजवून घेतं तसं दिसतं, पण ज्यांना स्वतःचा हात पोचत नाही आणि दुसऱ्याचा नको असतो, त्यांची सोय होते. पूर्वी अनोळखी बायका एकमेकींची पाठ घासायच्या. आता तसं विचारलं की समोरची घाबरते. ती यंत्राकडे जाते, नाहीतर आईकडे.

दोन वर्षांपूर्वी आईच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करा आणि मग सहा महिने काही उचलू नका, ओढू नका, घासू नका. आईने विचारलं, "आणि टाळी?" डॉक्टर म्हणाले, "टाळीसुद्धा नाही."

तारीख तीनदा ठरली, तीनदा पुढे गेली. चौथ्यांदा आईने ती फ्रीजवर चिकटवली, बारा फेब्रुवारी, चांद्र नववर्ष उलटल्यावरची, आणि थेट बांग मालकांकडे गेली. मी काउंटरवरच होते.

"मालक, नववर्षाची गर्दी काढून देते. त्यानंतर मी नाही."

बांग मालक भाजलेलं अंडं सोलत होते. "त्यानंतर मीही नाही मावशी. बंद करतोय. इथे गाड्या उभ्या करायला जागा करणार. गाड्यांना अंघोळ लागत नाही."

"म्हणजे नक्की?"

"नक्की. बॉयलर माझ्यापेक्षा म्हातारा झालाय, आणि मी काय कोवळा आहे का?"

आई बाहेर आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. एकतीस वर्षांत मी तिला त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाली, "दानबे, ऐकलंस ना? नववर्षापर्यंतच." आणि बसल्या बसल्या डोळे मिटले. गिऱ्हाईक आलं तेव्हा मी तिला उठवलं. उठवायला नको होतं, हे मला आता कळतंय.

पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. म्हणजे काही झालेलंच नाही, पण झालं असतं तर माझ्यामुळे.

मला वाटलं, एकतीस वर्षांनी बाई निघतेय, तिच्या हातात काहीतरी कागद असावा. प्रभाग कार्यालयाने तेव्हाच 'आपला जुना ठेवा' अशी योजना काढली होती. जुन्या कला, जुनी माणसं, जुनी दुकानं यांना मानांकन. चार वेळा परीक्षा दिल्यामुळे मला अर्जाची भाषा येते. पास होण्यापुरती येत नाही, अर्ज करण्यापुरती येते. मी फॉर्म भरायला घेतला.

पहिला रकाना, ऐतिहासिक पार्श्वभूमी. त्यासाठी मी पिल्सून आजींना गाठलं. त्या दर गुरुवारी येतात, वय अठ्ठ्याऐंशी. आई त्यांची पाठ घासत होती आणि मी शेजारी वही घेऊन उकडत होते.

"आजी, तुमच्या लहानपणी बायका चेहऱ्याला काय लावायच्या?"

"लावायच्या? आधी धुवायच्या. माझी आई मूग दळायची आणि त्या पिठाने तोंड धुवायची. आम्ही उपाशी आणि तोंड मूग खातंय." आईने टाळ्या वाजवल्या, आजी वळल्या. "मोठ्या आत्याने पांढरी पावडर लावली लग्नापर्यंत. डबीत शिसं होतं, हे नंतर कळलं. चेहरा आधी गोरा झाला, मग निळसर. लग्न मात्र झालं."

"लिहू हे?"

"लिही की. आत्या काय वाचायला येतेय? मग युद्धानंतर ढोलवाला यायचा. पाठीवर ढोल, पायाला दोरी. चालला की ढोल वाजायचा. क्रीमचा मोठा डबा असायचा त्याच्याकडे. आपली वाटी न्यायची, तो लाकडी चमच्याने वाढायचा. गाल असे चकाकायचे! आणि मग बाजारातून घरी येईपर्यंत सगळी धूळ गालावर. त्यानंतर त्या पिशवीवाल्या बायका, दारोदार फिरणाऱ्या. माझ्या तोंडाला मालिश करायला बसली एक, मी झोपले. उठले तर तीन बाटल्या विकत घेतलेल्या."

"आणि आता?"

"आता नात. सोलहून आली की आरशासमोर दहा बाटल्या मांडते. एक लावते, थांबते. दुसरी लावते, थांबते. म्हटलं, कशाची वाट बघतेस गं? म्हणे, आजी, मुरायला हवं. अगं तू पोरगी आहेस की किमची?" आई हसली. हसताना तिचा खांदा दुखला असावा, कारण ती मध्येच थांबली. आजी पालथ्या झाल्या आणि टेबलात तोंड खुपसून म्हणाल्या, "माझ्या सबंध जन्मात ज्याने त्याने मला काहीतरी लावलंच. काढून देणारी ही एकटी. लिही."

मी लिहिलं. तो रकाना छान झाला.

दुसरा रकाना, गुरुपरंपरा, किमान तीन पिढ्या, पूर्ण नावासह. इथे आम्ही अडकलो.

"आई, तुला कुणी शिकवलं?"

"मासानच्या मावशीने."

"तिचं नाव?"

"मावशी."

"आई, नाव."

"अगं मावशीला कसलं नाव? लांबट तोंडाची होती. उजव्या गालावर तीळ. हात असा, की गिऱ्हाईक रडायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं."

"बरं, तिला कुणी शिकवलं?"

"जिंजूच्या मावशीने."

"आणि जिंजूच्या मावशीला?"

आईने बराच विचार केला. "तिचीपण कुणीतरी मावशी असेलच की."

मी फॉर्मवर लिहिलं: मासानची मावशी, जिंजूची मावशी, मावशी.

तिसऱ्या रकान्यात 'जागेवरील साहित्य' विचारलं होतं. तो मालकांनी भरला, कारण साहित्य त्यांचं. त्यांनी यंत्राच्या मागे हात घालून पत्र्याची पट्टी पुसली. तिच्यावर कारखान्याचं नाव, साल एकोणीसशे त्र्याऐंशी, अनुक्रमांक, विजेचा दाब, सगळं होतं. मालक एखाद्या नातवाची गुणपत्रिका वाचावी तसे वाचत होते. खाली आणखी एक ओळ होती: यंत्रासोबत काय काय असतं? मालकांनी लिहिलं: एक, रबरी पट्टा. दोन, चकती. तीन, हिरवा कपडा. चार, मावशी.

"मालक, चौथं कशाला?"

"मग बटण बंद कोण करतं? बायका तशाच उठून जातात. मावशीच करते ना बंद?"

करत होती खरी. मला ते बरोबर वाटलं. परीक्षेतही मी असेच गुण घालवले.

समिती सोमवारी आली, न्हाणीघराच्या सुटीच्या दिवशी. तीन साहेब आणि योमबाई. योमबाई प्रभाग कार्यालयात संस्कृती बघतात, आणि त्यांच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरून संस्कृती त्यांच्याकडेही बघत असावी. प्रात्यक्षिक मागितलं होतं. पिल्सून आजींनी पाठ दिली. डावी अर्धी यंत्राला, उजवी अर्धी आईला. मधोमध योमबाईंनी पाण्याने पुसली जाणारी शाई वापरून रेघ मारली.

बायकांच्या विभागात साहेबांनी पाठ पाहणं योग्य नव्हतं, म्हणून ते तिघे कपडे बदलायच्या खोलीत टॉवेलच्या पडद्यामागे बसले, पायमोजे काढून. योमबाई आतून ओरडून सांगत होत्या.

"डावी बाजू सुरू!"

"मळाचा रंग?" पडद्यामागून.

"राखाडी!"

"आकार?"

"तांदळाच्या कणीएवढा!"

"एकसारखा?"

"एकसारखा!"

मग यंत्र बंद केलं, आजी टेबलावर पालथ्या झाल्या आणि आईने हातमोजा चढवला. तिने घाई केली नाही. आधी कोमट पाणी ओतलं, तळवा काही वेळ नुसताच ठेवला, मग लांब, सरळ, खालून वर. आजींच्या पाठीवरून शेवया निघाव्यात तशा वळ्या निघाल्या.

"आकार?"

योमबाईंनी एक वळी बोटावर घेऊन पाहिली. मग म्हणाल्या, "वेगवेगळा."

"गिऱ्हाइकाला कसं वाटतंय ते विचारा!"

योमबाई वाकल्या. "आजी? कसं वाटतंय?"

आजी झोपल्या होत्या. तोंड उघडं, हात टेबलाखाली लोंबकळलेला. योमबाईंनी तक्त्यात लिहिलं: उजवी बाजू, प्रतिसाद नाही.

मी म्हटलं, "बाई, त्या झोपल्यात. तोच प्रतिसाद आहे."

"हो गं, मला दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या. "पण तक्त्यात झोपेचा रकाना नाही." जाताना त्यांनी आईला विचारलं, "मावशी, गुरुवारी तुमच्याकडे गर्दी असते का?" आणि उत्तराची वाट न बघता पायमोजे चढवले.

आता ते पत्र, जे आलेलं नाही. त्यात लिहिलं होतं की कलाकार म्हणून प्यो बोंगइम यांचा विचार करता येत नाही, कारण गुरुपरंपरेतील तिन्ही व्यक्तींची ओळख पटत नाही आणि तिन्ही एकच व्यक्ती असण्याची शक्यता नाकारता येत नाही. परंतु पाठ घासण्याचं यंत्र, साल, कारखाना आणि अनुक्रमांकासह, मूळ स्थितीत व चालू असल्याने त्यास 'आपला जुना ठेवा' म्हणून मानांकन देण्यात येत आहे. अटी तीन. यंत्र जागेवरून हलवू नये व इमारत पाडू नये. यंत्र आठवड्यातून सहा दिवस चालू ठेवावं. यंत्रासोबतचं साहित्य क्रमांक एक ते चार मूळ स्वरूपात राखावं. बदलणं भाग पडल्यास समितीच्या मंजुरीने, तंतोतंत तसंच वापरावं.

बांग मालकांनी पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे गाड्यांची जागा...?"

"नाही."

"आणि बॉयलर?"

"चालू."

ते आत जाऊन बॉयलरशेजारी बसले. दोघेही धापा टाकत होते.

आईचा चष्मा वाफेने धूसर झाला होता. तिने तो पुसला नाही. "दानबे, मी चौथी का?"

"कपड्यानंतर."

"कपडा तर दर तीन महिन्यांनी बदलतात."

"हो."

"मग मला काय झालंय?"

मी म्हटलं, "आई, तू सोडून जाऊ शकतेस. कायद्याने तुला कुणी बांधून ठेवलेलं नाही. मी विचारलंय."

"आणि मग?"

"मग अट मोडली म्हणून मालकांना दंड. आणि न्हाणीघर चालूच राहणार, पाडता येत नाही."

"म्हणजे गुरुवारी पिल्सून आजी येणार, आणि त्या यंत्राला टेकून बसणार." आई उठली. उठताना तिने डावा हात टेबलावर टेकवला. "त्याला टाचा करता येत नाहीत गं. कानामागचं करता येत नाही. आणि थांब म्हटलं तर ते थांबतही नाही."

फ्रीजवरची बारा फेब्रुवारी तिने स्वतःच काढली. चुंबक मात्र तिथेच आहे, काहीही न धरता.

मी हार मानली नाही. म्हणजे मानली होती, पण साहित्य बदलायची सोय पत्रातच होती. मी बदली मावशी शोधायला लागले. आजकाल या कामाला कुणी मिळत नाही. तरुण मुली हे शिकायचं सोडून सोलला जातात, चकचकीत दुकानांतून लोकांच्या तोंडाला बाटल्या लावायला. तीन आठवड्यांनी साचनची एक बाई तयार झाली. पंचावन्न वर्षांची, दणकट, अनुभव बावीस वर्षांचा. तिला कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली मावशीने. मला तर रडूच यायचं राहिलं.

समितीने तिलाही तपासलं. पुन्हा सोमवार, पुन्हा पडदा, पुन्हा पिल्सून आजींची पाठ, या वेळी सबंध. काम उत्तम झालं. आजी पुन्हा झोपल्या. चार दिवसांनी योमबाईंचा फोन आला.

"दानबे, नाही झालं गं."

"का?"

"ती डावखुरी आहे."

"मग?"

"मूळ साहित्य उजव्या हाताचं आहे. अर्जात लिहिलंय, उजव्या हाताने लांब, सरळ, खालून वर. तूच लिहिलंयस."

मीच लिहिलं होतं. त्या ओळीवर मी खूश होते.

संध्याकाळी आई टेबलावर पाणी मारत होती. मी तिला सांगितलं. तिने नळ बंद केला.

"डावखुरी आहे म्हणून नको?"

"हो."

"अगं, पण मीच दोन वर्षं डाव्या हाताने करतेय." तिने हातमोजा उलटा करून पिळला, तोही डाव्या हाताने. "उजवा नुसता वर ठेवते, माणसाला बरं वाटावं म्हणून. तुझ्या त्या योमबाईंसमोरही डाव्यानेच केलं. कुणालाच कळलं नाही?"

मलाही कळलं नव्हतं. मी तर वही घेऊन दोन फुटांवर उभी होते.

"हे सांगू या त्यांना," मी म्हटलं. "मग साचनची बाई तंतोतंत जुळते."

आईने मान हलवली. "सांगितलंस तर म्हणतील, मूळ साहित्यात बिघाड. दुरुस्त करून आणा, तोवर यंत्रही बंद ठेवा, मालकांचा दंड वेगळा. मला माहितेय त्यांचं." मग ती टेबलावर बसली, तिथेच, ओल्या रेक्झिनवर, आणि हळूहळू आडवी झाली, पालथी. "दोन मिनिटं. कुणी आलं तर उठव."

मी तिच्या शेजारी उभी राहिले. तिच्या पाठीवर, मधोमध, तिचा हात पोचत नाही तिथे, मळाचा एक राखाडी पट्टा होता. एकतीस वर्षांत तिची पाठ घासायला कुणाला वेळ झाला नसावा. मी हातमोजा चढवला. मला येत नाही. मी खालून वर केलं, सरळ गेलं नाही. आई म्हणाली, "जोर लाव की गं, यंत्रापुढे माझी लाज काढशील का?" आणि ते वाक्य पुरं होईतोच तिला झोप लागली. बाहेर काउंटरवर कुणीतरी घंटी वाजवत होतं. मी वाजू दिली.

तिच्या झोपेत मी अर्ज मनातल्या मनात तयार केला आणि काल प्रभाग कार्यालयात देऊन आले. योमबाईंनी पोच दिली. वाचताना त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, हे कुठल्या विषयाखाली नोंदवू? मी म्हटलं, किरकोळ दुरुस्ती.

प्रति, मा. अध्यक्ष, 'आपला जुना ठेवा' समिती.

विषय: मानांकित यंत्राच्या सोबतच्या साहित्यापैकी क्रमांक चार यातील एका भागास तात्पुरती सूट मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, साहित्य क्रमांक चार (मावशी, एक नग) यामधील फक्त उजवा खांदा सहा महिन्यांच्या कालावधीसाठी यादीतून वगळण्यात यावा. सदर कालावधीत उर्वरित आई मूळ जागी, मूळ स्वरूपात व चालू स्थितीत ठेवण्याची हमी अर्जदार देत आहे. खांदा परत आल्यावर समितीने त्याची तपासणी करावी. तोवर त्याला कोणी हाक मारू नये, असे आदेश संबंधितांना व्हावेत, ही नम्र विनंती.